ही जास्वंद उन्हात ठेवायची नाही

मनू, फोटो पाहिला. जास्वंद झकास उतरलीय गं! पाकळ्यांच्या कडेला गडद लाल, आत येता येता फिका होत गेलेला, आणि मधोमध तो पिवळा तुरा. काढणाऱ्याला माझ्याकडून शाबासकी सांग. मावशीला टॅटू अजून दाखवला नाहीस हेही कळलं. तो तुम्हा मायलेकींचा मामला, मी त्यात पडायची नाही. एप्रिल महिन्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालून घरात किती दिवस वावरणार आहेस ते तुझं तू बघ.

तू विचारलंस, "ताई, पुढच्या महिन्यात गोव्याला चाललोय, टॅटूवर काय लावू?" काय लावायचं ते सांगतेच. पण आधी मला सांग, कोथरूडहून हिंजवडीला रोज गाडीवरून जातेस तेव्हा काय लावतेस? काहीच नाही, मला माहितीये. गोव्याच्या चार दिवसांची धास्ती घेतलीयस आणि बाकी अख्खं वर्ष कोपरापर्यंत हात उघडा टाकून भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभी राहतेस. टॅटूचा रंग खातं ते हे रोजचं ऊन. हँडल धरलेला स्वतःचा हात एकदा नीट बघ, हाताची पालथी बाजू थेट आभाळाकडे असते. जास्वंद काढलीयस तीही नेमकी तिथेच. पोटावर नाहीतर पाठीवर काढली असतीस तर मी एवढं लांबण लावलंच नसतं.

आता हे होतं कसं ते ऐक, म्हणजे पुढचं सगळं मी न सांगताही तुझं तुला सुचेल.

सुई शाई सोडते ती कातडीच्या अगदी वरच्या थरात नाही, त्याच्या खालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल. वरचा थर तर महिना-दीड महिन्यात झडून नवा होतो. शाई तिथे असती तर दिवाळीत काढलेला टॅटू नाताळपर्यंत धुऊन गेला असता. खालच्या थरात आपल्या शरीराच्या पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की गिळून टाकायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवता येत नाहीत, म्हणून पोटात धरून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी एक पेशी मेली की तिच्यातले कण सुटतात आणि जागेवर आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे तुझी जास्वंद या पेशीकडून त्या पेशीकडे वारसाहक्कानं चाललीय. मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

टॅन होतो तो मात्र वरच्या थरात. ऊन लागलं की तिथे मेलॅनिन वाढतं. शाई खाली आणि मेलॅनिन वर, आणि आपण टॅटू बघतो तो या वरच्या थरातूनच. तो गडद झाला की खालचा लाल विटका वाटतो आणि पिवळा मातकट. खरं तर रंग कुठे गेलेला नसतो, झाकला गेलेला असतो. ऊन कमी झालं की काही आठवड्यांत, आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत कधी कधी काही महिन्यांत, टॅन उतरतो आणि टॅटू पुन्हा वर येतो. हे नुकसान फिरून भरून येतं.

दुसरं येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी वरच्या थरातच बराचसा अडतो. कातडी लाल होणं, भाजणं, सोलपटणं ही मुख्यतः त्याची कामं. यूव्हीए खोल जातो, थेट शाईपर्यंत. तिथे तो रंगाचे रेणू हळूहळू तोडतो. मावशी रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालते ना, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की कातडी उलटी करता येत नाही.

सगळ्या रंगांचं सारखं होत नाही. काळी शाई बहुतेक कार्बनची, म्हणजे काजळीच्याच जातीची. ती उन्हाला सहसा दाद देत नाही. लाल, पिवळे, नारिंगी मात्र बहुतेक सेंद्रिय रंग, त्यातले पुष्कळसे ॲझो नावाच्या कुळातले, आणि ते प्रकाशानं तुटतात. तुटून जे उरतं त्यातलं काही काही शरीरालाही बरं नाही. असल्या धास्तीपायीच युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. तेव्हा तुझ्या जास्वंदीत पहिला नंबर त्या तुऱ्याचा लागणार, मग पाकळ्यांचा. बाहेरची काळी रेघ सगळ्यात शेवटी.

आजीचा हात आठवतो तुला? मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं म्हणे. म्हणे, कारण आपल्याला ते कधी ओळखूच आलं नाही. एक हिरवट-करडा डाग आणि आजूबाजूला ठिपके, एवढंच दिसायचं. पण आंघोळ करून ती चोळी घालायची तेव्हा दंडावरचा मोर दिसायचा. त्याच्या पिसाऱ्याची रेघन् रेघ सुटी. मी एकदा बोटानं मोजायला गेले तर गुदगुल्या होतात म्हणून ओरडली होती. दोन्ही एकाच बाईनं, एकाच बैठकीत गोंदलेलं. मनगट जन्मभर खुरप्यासोबत उन्हात राहिलं आणि दंड बाहीखाली. वयानुसार शाईचे कण पसरतात, रेघा जाडावतात, ते दोन्हीकडे झालंच असणार, पण वरची कातडी किती रापली त्यानं केवढा फरक पडला बघ. ते हिरवं का दिसायचं हेही तू लहानपणी विचारायचीस. काजळी काळीच असते, पण कातडीआडून बघताना प्रकाश असा विखुरतो की खोलवरचं काळं आपल्याला निळसर-हिरवं भासतं. मनगटावरच्या हिरव्या शिरांचं कोडंही बरंचसं असंच आहे.

इथे एक कान उपटून ठेवते. मी टॅन टाळ म्हणते तेव्हा "काळी पडशील" असं म्हणत नाहीये. ते म्हणायला आपल्याकडे आत्या-काकूंची फौज तयार असते. तुझा रंग आहे तो छान आहे आणि उन्हात गडद झाला तरी छानच. पण टॅन हा कातडीनं मार खाल्ल्यानंतर धरलेला ढालीचा पवित्रा आहे. म्हणजे मार बसून गेलेला असतो. आपल्यातल्या मेलॅनिनचं थोडंफार संरक्षण असतं खरं, म्हणून गोऱ्या लोकांसारख्या आपण अर्ध्या तासात लालबुंद होत नाही. त्याचाच तोटा असा की काही होतंय हे आपल्याला वेळेत कळतही नाही.

तर उपाय. पहिला कापड, दुसरा सावली, तिसरं सनस्क्रीन, याच क्रमानं. सगळ्या मुली उलट्या क्रमानं जातात, कारण सनस्क्रीनच्या जाहिराती असतात आणि बाहीच्या नसतात. आपल्या मेलबर्नच्या वहिनीला विचार. तिच्या पोराला बालवाडीत पहिलं हेच शिकवलं. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून त्यांची एक प्रसिद्ध मोहीम आहे, तिच्यातही आधी शर्ट चढवा, मग क्रीम थापा, मग टोपी घाला असाच क्रम होता. कातडीच्या कर्करोगानं पोळलेला देश आहे तो, उगाच नाही सांगत.

आणि पुण्याच्या मुलीला हे मी शिकवायचं? डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून गाडी हाकणाऱ्या पुण्याच्या मुलींवर जगानं विनोद केले. आता तेच जग पन्नास रुपयांच्या आर्म स्लीव्ज घालून फिरतंय. तुझ्या पिढीला सनकोट गावंढळ वाटतो, मला कळतं. मग लांब हातमोजे घे, दंडापर्यंतचे. फक्त घेताना एक बघ. कापड दोन हातांत ताणून उजेडासमोर धर. पलीकडचा उजेड जाळीसारखा टोचायला लागला तर ऊनही तसंच आत येणार. विणीचा घट्टपणा सगळ्यात महत्त्वाचा, त्यानंतर रंग. गडद रंग जास्त अडवतो. पांढरा पातळ सुती टॉप अंगाला गार लागतो, पण किरणं फारशी अडवत नाही, आणि ओला झाला की आणखीच कमी. म्हणून गोव्यात पाण्यात जाताना अंगावर साधा पांढरा टी-शर्ट ठेवून "घातलाय की" म्हणू नकोस. पोहायचे लांब बाह्यांचे घट्ट टॉप मिळतात, त्यातला एक घे.

आता सनस्क्रीन. यात गोंधळ फार, म्हणून जरा बैजवार सांगते.

ट्यूबवर मोठ्या अक्षरात जो एसपीएफ लिहिलेला असतो तो मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब. ३० वालं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे द्यायचे की नाही ते तू ठरव. मी ५० घेते, पण का तेही सांगते. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात, आणि आपण सगळ्या त्याच्या निम्म्यानंही लावत नाही. वरचा आकडा मोठा असला तर आपल्या कंजुषीला थोडी जागा उरते. तुला मात्र एसपीएफइतकंच यूव्हीएचंही बघायचंय, कारण शाईपर्यंत जातो तो यूव्हीए. त्यासाठी ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे शब्द आणि 'पीए'पुढे अधिकची किमान तीन चिन्हं आहेत का ते बघ. ही अधिकच्या चिन्हांची पद्धत जपानची, आता आपल्याकडेही बहुतेक ट्यूबांवर असते.

किती लावायचं? खांद्यापासून बोटांपर्यंत एका हाताला चहाचा एक चमचा भरून. कोपराखालीच लावणार असशील तर अर्धा. एकदा खरंच चमच्यात काढून बघ, डोळे पांढरे होतील. आणि टॅटूपुरतंच लावायचं डोकं चालवू नकोस. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीनं मनगटावरच्या फुलपाखरावर रोज इमानेइतबारे लावलं, बाकी हात तसाच. मे महिन्याअखेर फुलपाखराभोवती फिकट कातडीचा चौकोन असा उठून दिसायला लागला की लोक विचारायचे, स्टिकर लावलंय का? अख्खा हात लावायचा, बोटांच्या पेरांसकट.

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लाव. हेल्मेटचा पट्टा बांधता बांधता नको, नाहीतर अर्धं कुर्त्याला पुसलं जातं. बाहेर असशील तोवर दर दोन तासांनी पुन्हा. घाम आला, पाण्यात गेलीस, टॉवेलनं खसाखसा पुसलंस की दोन तासांची वाट बघायची नाही. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाण्यात चाळीस नाहीतर ऐंशी मिनिटं टिकणारं, त्याहून जास्त नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घेतलंस तर ते कातडीला सहसा झोंबत नाही, पण आपल्या रंगावर पांढरट-जांभळट राख फासल्यासारखं दिसतं. हातावर कोण बघतंय म्हण आणि लाव, नाहीतर थोडा रंग मिसळलेलं घे. सुगंधी नको. गोव्याच्या किनाऱ्यावर स्प्रे तर मुळीच नको, निम्मा फवारा वारा घेऊन जातो.

आणि ती ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवून देतेस ना, ती बाहेर काढ. उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. तापून तापून त्यातलं तेल-पाणी वेगळं होतं आणि मग पिळलं की आधी पाणीच येतं. असली ट्यूब सरळ फेकून द्यायची.

खोबरेल तेल हे सनस्क्रीन नाही. आईनं सांगितलं तरी नाही. रात्री हाताला चोळायला उत्तम. कोरड्या कातडीवर टॅटू निस्तेज दिसतो आणि तेल किंवा मॉइश्चरायझर लावलं की लगेच जिवंत वाटतो, त्यामुळे रात्री जरूर लाव.

ऊन किती कडक आहे ते अंगाला लागणाऱ्या उकाड्यावरून ठरवू नकोस. उकाडा वेगळा आणि अतिनील किरणं वेगळी. मोबाइलवरच्या हवामानात यूव्ही इंडेक्स म्हणून एक आकडा असतो. तीनच्या वर गेला की झाकायचं. पुण्यात उन्हाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊलाच तो तीन ओलांडतो, आणि दुपारी अकराच्या पुढे जातो, म्हणजे मोजपट्टीच्या अगदी टोकाला. संध्याकाळी सहानंतर ऑफिसातून निघालीस तर परतीच्या वाटेची चिंता नाही. फोन नसेल तर सावली बघ. सावली तुझ्या उंचीपेक्षा आखूड असली की ऊन वाईट. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, शाळेच्या मैदानात काठ्या रोवून दाखवतात तो. तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, म्हणजे तुमची गोव्याची तारीख त्याच दिवसांत येतेय. शाब्बास! ढग आले म्हणूनही हुरळून जायचं नाही. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत किरणं खाली येतात. थंड हवेच्या ठिकाणी तर फसगत हमखास. दर हजार मीटर उंचीमागे यूव्ही साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. लेहहून स्वेटर घालून आलेले लोक नाकावर सोललेले असतात ते उगाच नाही.

कॅबनं जातेस त्या दिवशीही सुटका नाही. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते. समोरची काच दोन थरांची असल्यामुळे तिच्यातून फार कमी येतो. म्हणून वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला दिसतो. तुझी जास्वंद डाव्या हातावर. म्हणजे मागच्या सीटवर डावी खिडकी सोडून उजवी पकड.

आता गोवा. आणि तुझी ती मैत्रीण, जी म्हणतेय की गोव्यात पोचल्या पोचल्या टॅटू काढणार आणि मग चार दिवस समुद्र. तिला माझं नाव सांगून सांग की शेवटच्या दिवशी काढ, नाहीतर काढूच नको. नवा टॅटू म्हणजे उघडी जखम. तिच्यावर सनस्क्रीनसुद्धा लावायचं नसतं, दोन ते चार आठवडे, खपल्या पडून नवी कातडी येईपर्यंत. तोवर एकच उपाय, सैल सुती कापडानं झाकणं. ऊन नाही, समुद्र नाही, तरणतलाव नाही. समुद्राचं पाणी खारं म्हणून जखमेला चांगलं असं तिला कुणीतरी सांगितलंय म्हणे. कोमट खाऱ्या समुद्रात विब्रिओ जातीचे जंतू असतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका माणसाची हकिगत छापली होती. टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला, पायावरच्या नव्या टॅटूतून जंतुसंसर्ग झाला आणि तो त्यातून वाचला नाही. त्याचं यकृत आधीच आजारी होतं, त्यामुळे प्रत्येकाचं असं होतं असं मी म्हणत नाही. पण चार दिवस थांबायला काय जातंय?

तिला तात्पुरतंच काही हवं असेल तरी किनाऱ्यावर काळ्या मेंदीचं काढू देऊ नकोस. मेंदी काळी नसते, तिचा रंग तपकिरी-नारिंगी. काळी करायला तिच्यात बहुतेक वेळा केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी मिसळतात. त्यानं काही जणांना फोड येतात, पुढे डाग राहतात, आणि नंतर आयुष्यभर केसांचा डाय सोसत नाही.

तुझा टॅटू दोन महिन्यांचा, पूर्ण भरलेला, तेव्हा तू पाण्यात जा बिनधास्त. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात जेवा, झोपा, पणजीच्या गल्ल्या हिंडा. छत्रीखाली बसलीस तरी हात झाक, कारण कोरडी वाळू खालून पंधराएक टक्के किरणं परत फेकते आणि लाटांचा फेस पंचवीसएक. पाण्याखालीही सुटका नाही, अर्धा मीटर खोलीवरसुद्धा जवळजवळ चाळीस टक्के यूव्ही पोचतो. तासन् तास पालथं तरंगत मासे बघणाऱ्यांची पाठ भाजून निघते ती यामुळेच.

एवढं करून टॅन झालाच तर? होईल थोडा. घाबरून हाताला लिंबू चोळायचं नाही. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे कातडी भाजते, फोड येतात, आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. बेसन-हळद लाव हवं तर, मन शांत होतं. पार्लरमधली ती 'डी-टॅन'वाली मुलगी टॅटूवर ब्लीच लावू का म्हणाली तर नको म्हण. खरखरीत स्क्रबही नको. ऊन बंद करणं आणि थांबणं, बस्स.

रंग फिका दिसतोय म्हणून लगेच रिटचिंगला पळू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. टॅन उतरल्याशिवाय रंग खरंच गेलाय की झाकला गेलाय हे कुणालाच कळत नाही. जाणकार टॅटूवाला स्वतःच परत पाठवतो. जो रापलेल्या हातावर लगेच सुई लावायला तयार होतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. हेच लेझरचं. तुझ्या त्या दुसऱ्या मैत्रिणीला जे नाव काढून टाकायचंय (चांगलाच निर्णय आहे, कळव तिला), तिनंही आधी टॅन उतरू द्यावा. लेझरचा प्रकाश शाईनं शोषायचा असतो. वर मेलॅनिन वाढलेलं असेल तर तेच शोषून घेतं, मग भाजल्याचे नाहीतर पांढरे डाग राहतात. आपल्या रंगाच्या कातडीवर सवय असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायचं, मॉलमधल्या खुर्चीवर नाही.

एक मात्र लक्षात ठेव. उन्हात गेलं की टॅटूचा एखादाच रंग उठून येतो, खाज सुटते, कातडीवरून हात फिरवला तर तेवढाच भाग उंच लागतो, असं वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखव. लाल रंगाला ॲलर्जी होण्याचं प्रमाण इतर रंगांपेक्षा जास्त, आणि पूर्वी काही पिवळ्या शाईत कॅडमियमचं संयुग असायचं, ते उन्हानं चिडायचं. तुझ्यात दोन्ही रंग आहेत म्हणून सांगितलं. आणि कोपराजवळ तुझा तो तीळ आहे तो जास्वंदीच्या पानाखाली गेलाय का? फोटोत नीट दिसत नाही. तीळ टॅटूनं झाकायचा नसतो, त्याचा आकार-रंग बदलला तर कळायला हवं. गेलाच असेल तर महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात बघत जा.

दुसरा टॅटू डोक्यात घोळतोय हे मी ओळखलंय. तुझ्या मेसेजमध्ये "पुढच्या वेळी" असा शब्द दोनदा आलाय. नोव्हेंबर-डिसेंबरात काढ. ऊन तिरपं असतं, घाम नसतो, बाह्या घालायला कुणी का म्हणून विचारत नाही. पावसाळ्यात नको, ओले कपडे आणि रस्त्यावरचं शिंतोड्याचं पाणी ताज्या जखमेला वाईट. जागा तुझी तू निवड, फक्त मानेच्या मागे नको. हेल्मेट आणि कॉलर यांच्या मधली ती चार बोटं कशानंच झाकली जात नाहीत, आणि तिथे सनस्क्रीन नीट लागलं की नाही ते तुला दिसतही नाही.